हात सैल सोडा

१

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना ओलांडून गेलं की टोकाला एक खोली होती. दारावरची पाटी मोठी भारदस्त, 'मज्जातंतू व स्नायू तपासणी विभाग'. पण शिपायापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला सुईची खोली म्हणत आणि तिथे काम करणाऱ्या डॉक्टरणीला सुईबाई. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिच्या कानावर मात्र ते आलं होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. थरथरत आत आलेल्या एका पेशंटला तिनेच एकदा सांगून टाकलं होतं, "अहो, मला सुईबाई म्हणतात, कात्रीबाई नाही. कापत काही नाही मी."

काम ठरलेलं होतं. आधी तंत्रज्ञ पेशंटच्या हातापायांना तारा चिकटवायचा आणि विजेचे बारीक झटके देऊन मज्जातंतू किती जोमात आहेत ते मोजायचा. नोकरीत केस पांढरे झालेल्या या गृहस्थाला सगळे तारवाले म्हणत. त्याचं झालं की डॉक्टरीण केसासारखी बारीक सुई एकेका स्नायूत घालायची आणि ऐकायची. यंत्राला पडदा होता तसा लाउडस्पीकरही होता. पडद्यावर हिरवी रेघ हलायची आणि तेच स्पीकरमधून ऐकू यायचं. तिचा भरवसा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त.

"हात सैल सोडा. अगदी सैल. हात तुमचा नाहीच असं समजा."

निरोगी स्नायू सैल सोडला की गप्प बसतो. आजारी स्नायू बसत नाही. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारे तंतू ज्या आजारात एकेक करून मरत जातात, त्यात मालक निवांत पडलेला असतो आणि स्नायू आपले आपण उडत राहतात. स्पीकरमधून येते ती बारीक तडतड, आणि मध्येच एखादा ठोका. लाकडावर कुणी बोटाचं पेर आपटावं तसा.

हा आजार आधी एखादं बोट नेतो, मग हात, मग पाय, जीभ आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत ठेवतो. तो जितका लवकर पकडावा तितकं बरं, आणि लवकर पकडणं हीच तिची हातोटी होती. पेशंट हाताची तक्रार घेऊन यायचा आणि ती त्याच्या धडधाकट पायात, पाठीत, जिभेत सुई घालून पाहायची. जिथे अजून काही बिघडलेलं दिसत नाही तिथेही ठोके ऐकू आले की तिला कळायचं. पेशंटला कळण्याच्या कितीतरी आधी.

२

त्या सकाळी एक बसड्रायव्हर आला होता. क्लचवरून पाय घसरतो म्हणाला. माणूस आडदांड आणि बोलका.

"डॉक्टर, पायाला सांगून सांगून थकलो. बायको ऐकत नाही, मुलगी ऐकत नाही, आता पायही ऐकेना."

तारवाल्याने हसत हसत तारा काढल्या. डॉक्टरणीने पिंढरीत सुई घातली आणि पाय सैल सोडायला सांगितलं. ठोके आले. टक. टक-टक. लांब खंड. टक. मग तीन घाईघाईने. ती ऐकत राहिली आणि पुढचे स्नायू घेत गेली. हातात, जिथे त्याला काही त्रास नव्हता, तिथेही तेच. तिने मनातल्या मनात सुस्कारा टाकला. आता याची मानेची आणि रक्ताची तपासणी होणार, बाकीचे आजार नाहीत याची खात्री करून घेणार, आणि मग कुणीतरी याला समोर बसवून सांगणार.

पाठीत सुई होती तेव्हा तिचं लक्ष स्वतःच्या पायाकडे गेलं. स्टुलाखाली तिचा चवडा जमिनीवर ताल धरत होता.

तिने पाय जागच्या जागी थांबवला.

यात वावगं काय ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. गाणं लागलं की पाय हलतोच. पण हे ठोके म्हणजे गाणं नव्हे. मरणारे तंतू सुटे सुटे, कसेही उडतात. पुढचा ठोका कधी पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. कसल्याही नियमात न बसणं हीच त्यांची ओळख. त्यांच्यावर ताल धरता येत नाही. आणि तिचा पाय तर ठोक्यामागून पडत नव्हता, ठोक्याबरोबर पडत होता.

म्हणजे पुढचा ठोका तिला आधीच ठाऊक होता.

"झालं का हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि तिने सुई काढली.

३

पुढे काही दिवसांनी एक शाळामास्तरीण आली. तिच्या हातून खडू पडत होता. अंगकाठी लहान, आवाज खणखणीत. झोपल्या झोपल्या तिने तारवाल्याला तारांचा गुंता नीट ठेवायची तंबी दिली. डॉक्टरणीने तिच्या दंडात सुई घातली.

टक. टक-टक. लांब खंड. टक.

डॉक्टरणीने डोळे मिटले. पुढे तीन घाईघाईने येतील, असं तिच्या मनात आलं. ते आले.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर तिने दोघांच्या नोंदी पडद्यावर एकाखाली एक लावल्या. ठोका ठोक्याखाली बसला, खंड खंडाखाली. बराच वेळ दोन्ही रेघा जोडीने चालल्या. मग ड्रायव्हरची नोंद संपली आणि मास्तरणीची पुढे चालू राहिली.

"तारवाले, जरा इकडे या."

तारवाल्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "एकच नोंद दोनदा सेव्ह झाली असेल."

"आकार बघा की. एक पायातली आहे, एक दंडातली. ठोके वेगळेच आहेत. फक्त वेळा जुळतात."

"मग बाहेरचं काही असेल. धुलाईखान्यातला पंप."

तिला हायसं वाटलं. पंप, हे पटण्यासारखं होतं. त्याने पलीकडे जाऊन पंप बंद करवला. ओल्या स्पंजात सुई खुपसून ऐकलं. स्पीकर गप्प. पंप चालू करवला. तरी गप्प. शेवटी तारवाल्याने बाही वर केली. "घाला माझ्यातच. इतकी वर्षं लोकांना झटके देतोय, एकदा माझंही ऐकू द्या." त्याचा दंडही गप्प होता.

कंपनीचा इंजिनियर येऊन यंत्र उघडून गेला. "मॅडम, मशीन एकदम टकाटक आहे," असं म्हणाला. त्या शब्दावर ती दचकली आणि मग स्वतःच्या दचकण्यावर हसली.

त्यानंतर तिने त्या नोंदी पुन्हा लावून पाहिल्या नाहीत. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण कानांना सोडून देता येत नाही. पेशंट येत राहिले. बऱ्याच जणांचं विशेष काही निघत नसे, दबलेली नस, साखरेचा त्रास. ज्यांचं निघे त्यांच्या स्नायूंत तो एकच खेळ चाललेला असे, आणि दर खेपेला थोडा पुढे सरकलेला. म्हणजे आधीच्या माणसात अर्धवट राहिलेलं काम कुणी पुढच्यात येऊन हाती घ्यावं तसं.

४

डॉक्टरीण धाकट्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची. खाली रस्त्याच्या बाजूला त्याचं किल्ल्यांचं दुकान आणि मागे बिऱ्हाड. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. तिनेच त्याला वाढवला. शिकवायचा तिने जिवापाड प्रयत्न केला, पण त्याचं चित्त कुलपांत. लहानपणी घरातलं एकही कुलूप त्याने धड ठेवलं नव्हतं. आता गावात कुणाची तिजोरी अडली की यालाच बोलावणं यायचं. डोळे मिटून, कान लावून तो कुलूप उघडायचा. ती त्याला अजूनही धाकट्याच म्हणायची.

रविवारी तिघं एकत्र जेवायची. त्या रविवारी जेवताना भावजय हसत म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला सांगा काहीतरी. काल स्वतःच्या दुकानाचं कुलूप यांना उघडेना. शेवटी मी उघडलं. आता पाटीवर माझं नाव लावा म्हटलं."

"किल्ली नवी होती गं, घट्ट बसत होती," धाकटा म्हणाला.

"कुठला हात?" डॉक्टरणीने विचारलं.

"ताई, तू जेव. सुट्टी आहे ना तुला आज?"

"दाखव हात."

त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जिथे मांसाचा गुबगुबीत उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. त्या खळग्यात कातडीखाली काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं. तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या तळव्याला ते जाणवलं.

टक. टक-टक.

"उद्या सकाळी माझ्याकडे ये," ती म्हणाली. भावजयीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं तसं तिने घाईने जोडलं, "नस दबली असेल. खूप जणांची दबते."

५

घरच्या माणसाची तपासणी दुसऱ्या डॉक्टरांनी करावी असा रिवाज असतो, आणि तारवाल्याने तो सुचवूनही पाहिला. तिने मान हलवली. दुसऱ्याच्या कानांवर तिचा विश्वास नव्हता. खरं तर तिला आपले कान खोटे ठरलेले हवे होते.

झटक्यांची तपासणी झाली. तारवाल्याने आकडे वाचले आणि एरवीसारखी कोटी केली नाही. तिने सुई उचलली.

"हात सैल सोड."

"सोडला."

स्पीकर बोलू लागला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. पलीकडचा धुलाईखानाही त्या घटकेला थांबला होता. तिने सुई दंडात घातली, मग पोटरीत, मग पाठीत. सगळीकडे तेच. पाठीवर सुई असताना धाकटा कुशीवर होता, तोंड भिंतीकडे. तो इतका निश्चल पडला होता की तिला वाटलं, घाबरला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"श्श," तो म्हणाला. "ऐकू दे."

ती थांबली.

"ताई, हा आवाज माझ्यातून येतोय?"

"हो."

"कोण करतंय हे?"

"कोण म्हणजे काय? स्नायू उडतायत. आपोआप."

"आपोआप नाही गं." त्याच्या आवाजात भीती नव्हती. दुकानात नवं कुलूप हातात घेतल्यावर असायचं तसं कुतूहल होतं, आणि तेच तिला सहन होईना. "कुलपाच्या आत ओळीने खटके असतात. किल्ली नसली की एकेक दाबून पाहायचा. हलका, मग जरा जोरात, मग थांबायचं. जो बसतो तो वेगळा वाजतो. मग पुढचा. ऐक. हा बघ, हा नाही बसला. परत आला त्याच्यावर. थांबला... आता हा... हं."

स्पीकरमधून एक ठोका आला. इतरांपेक्षा कोरडा, आखूड. तिने इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता.

"बसला," धाकटा म्हणाला. "जो कुणी आहे तो शिकलेला आहे. घाई अजिबात नाही त्याला."

तारवाल्याने न विचारता यंत्र बंद केलं.

६

बाकीच्या तपासण्या झाल्या. मानेत काही नव्हतं, रक्तात काही नव्हतं. दुसऱ्याच्या कानांवर विश्वास नसूनही तिने शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचं मत मागवलं. तेही तेच आलं. तिने धाकट्याला दुकानात, त्याच्या कामाच्या टेबलापाशी बसवून सांगितलं. आडवळण घेतलं नाही. फार लवकर सापडलंय, औषध लगेच सुरू करू, वेग कमी होतो, श्वासाची काळजी आधीपासून घेता येते, हे सगळं सांगितलं. पूर्ण बरं होतं असं मात्र सांगितलं नाही.

तो बराच वेळ टेबलावरच्या कानशी सारख्या करत राहिला.

"हात जाणार?"

"हो."

"दोन्ही?"

"हो रे."

"मग लोकांना काय सांगू? किल्लीवाला कुलूपबंद झाला म्हणून?" तो हसला आणि मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. आई गेल्यावर रडला होता तसाच, आवाज न करता. भावजय दारात उभी होती. ती आत आली नाही. पदराने तोंड दाबून तिथेच खाली बसली.

उजवा हात लवकर गेला. चमचा धरता येईना तेव्हा भावजय भरवू लागली. दुकान दुपारचं बंद ठेवायला लागले. तो मात्र सवयीने टेबलापाशी जाऊन बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. डॉक्टरीण सकाळी कामावर जायची. सुईच्या खोलीत आता स्पीकर बंद असायचा, ती फक्त पडद्यावरची रेघ वाचायची.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. धाकट्याची सुईची तपासणी तिने मध्यंतरी पुन्हा केली होती, औषधाचा गुण बघायला. निदान तसं ती स्वतःशी म्हणाली. त्या दिवशी स्पीकर लावला होता. अंगठ्याच्या खळग्यात सुई घातली आणि ती वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही. तडतड नाही, ठोका नाही. मेलेला स्नायूही कुरकुरतो. हा निरोगी स्नायूसारखा गप्प होता.

"आवाज थांबला," धाकटा म्हणाला.

"हो."

"काम झालं असेल त्याचं."

"काहीतरी बडबडू नकोस," ती खेकसली आणि लगेच त्याच्या केसांवरून हात फिरवला.

७

पुढच्याच आठवड्यात भावजयीचा इस्पितळात फोन आला. धापा टाकत बोलत होती. पण भावजय रडत नव्हती.

"ताई, लवकर या. वाईट काही नाही. चांगलंच आहे. तुम्ही याच, मी फोनवर नाही सांगत."

ती पोचली तेव्हा दुपारचं ऊन रस्त्यावर सपाट पडलं होतं. भावजय मागच्या दाराशी उभी होती, डोळे चमकत होते. तिने डॉक्टरणीचं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत," ती कुजबुजली. "ते झोपलेत, पण हात... परवापासून चाललंय. मला वाटलं भास असेल. आज अगदी नीट पाहिलं. तुम्हीच बघा."

मधल्या दालनात अंधार होता. दुकानाचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागून आवाज येत होता. कर्र. कर्र. थांबून पुन्हा कर्र. लोखंडावर कानस घासल्याचा आवाज. तो तिने या घरात हजारदा ऐकला होता, वरच्या मजल्यावर त्याच्या सोबतीने वाचत बसली होती. त्यामुळे तिला आधी भीती वाटलीच नाही. नंतर आठवलं, सकाळीच तिने या माणसाच्या शर्टाची गुंडी लावून दिली होती.

तिने दार वीतभर ढकललं.

धाकटा टेबलावर डोकं टेकून झोपला होता. तोंड या बाजूला, ओठ जरासे उघडे, गालाखाली डावा हात. श्वास संथ चालला होता. झोप खरी होती, यात तिच्यातल्या डॉक्टरणीला शंका नव्हती. उजवा हात त्याच्या डोक्यापलीकडे पुढे पसरला होता. काटकुळा, खळगे पडलेला तो हात कानस चालवत होता. टेबलाच्या कडेला बसवलेल्या पकडीत एक किल्ली लावलेली होती आणि हात ती घडवत होता. दोनदा घासायचा, थांबायचा, अंगठ्याने दाते चाचपायचा. ज्या अंगठ्यात स्नायू उरलाच नव्हता, त्या अंगठ्याने.

तिचं डोकं कारणं शोधू लागलं. झोपेत हात हलतात. सवयीच्या हालचाली खोल रुजलेल्या असतात. पण ही धाकट्याची सवय नव्हती. तो कानस स्वतःकडे ओढायचा. हा हात ती पुढे ढकलत होता. आणि टेबलाच्या कडेला आणखी किल्ल्या ओळीने मांडलेल्या होत्या, झालेल्या, घासून पुसून ठेवलेल्या. कुठल्याही कुलपाच्या किल्लीला असे दाते नसतात, हे किल्लीवाल्याच्या बहिणीला लांबूनही कळलं.

तिच्या पायाखाली फरशी करकरली.

कानस थांबली. धाकटा हलला नाही, श्वासही बदलला नाही. हाताने कानस खाली ठेवली, आवाज न करता. मग मनगट हळूहळू वळलं आणि पाचही बोटांची टोकं दाराच्या दिशेला आली. तिथे ती किंचित उंचावून स्थिर राहिली, एखाद्याने मान वळवून कानोसा घ्यावा तशी.

तिला ओरडावंसं वाटलं. धाकट्याला हाक मारून उठवावंसं वाटलं. पण त्याला उठवलं तर उठेल कोण, हा विचार मनात आला आणि तिने हाक मारली नाही.

मागून भावजयीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. तिचा ऊन श्वास डॉक्टरणीच्या कानाला लागत होता. इतक्या महिन्यांनी त्या श्वासात आनंद होता.

"पाहिलंत ना?" ती कुजबुजली. "चमचा धरवत नव्हता. ताई, बरे होतायत ना ते?"

आतली बोटं आवाजाच्या रोखाने जराशी फिरली.

"हो," डॉक्टरीण अगदी हळू म्हणाली. "बोलू नकोस." आणि भावजयीला मागे सारून तिने दार इंचाइंचाने ओढून घेतलं. बाहेरून कडी घातली. मग हात कडीवरच ठेवून, श्वास रोखून ती उभी राहिली.